जिप्सीसाठी कुठला ब्लॉक धरू? स्वतःचा, स्विफ्टचा की बलेनोचा?

चाळकेवाडी_फोरबायफोर (सातारा)

नमस्कार मंडळी. गाडी जिप्सी किंग, २००३ची, १.३ एमपीएफआय, सॉफ्ट टॉप. वडिलांनी जपली, मी बिघडवली, असं आईचं मत आहे आणि मागच्या महिन्यापासून मला ते खोडता येत नाहीये.

झालं असं. ठोसेघर सोडून चाळकेवाडीच्या पठाराकडे चढत होतो. फर्स्ट-सेकंडचं काम, मागे दोन मित्र आणि पाण्याचे कॅन. पवनचक्क्या दिसायला लागल्या तेव्हा तापमानाच्या काट्याकडे लक्ष गेलं, तर तो एचला चिकटलेला. किती वेळ होता कोण जाणे. बॉनेट उघडलं तर वाफच वाफ. दहा मिनिटं थांबलो आणि मग कॅनमधलं गार पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. हो, माहितीये. शिव्या घालून झाल्या की पुढचं वाचा.

गाडी टोचन लावून खाली आणली. हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडल्यावर कळलं की दोन आणि तीन नंबर सिलिंडरच्या मधे गॅस्केट (हेड आणि खालचा सिलिंडरवाला ब्लॉक यांच्यामधला पातळ पत्रा) जळलंय. मूळ कारण वेगळंच निघालं. सायलेन्सरच्या बाजूचा एक वेल्श प्लग (ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटेचं पत्र्याचं बूच) गंजून चाळणी झाला होता, तिथून पाणी हळूहळू जात होतं. कूलंट म्हणून गाडीत गेली कित्येक वर्षं बोअरचं पाणी.

आता इंजिन उघडलंच आहे तर नीट बांधावं असं डोक्यात आहे. वर्षातून दोन-तीन ऑटोक्रॉस (कच्च्या मैदानावर घड्याळाविरुद्धची शर्यत), पावसाळ्यात चिखल, उरलेले दिवस सातारा-वाई-महाबळेश्वर. जोर हवा, पण परत टोचन नको. समोर तीन रस्ते आहेत. स्वतःचाच ब्लॉक ०.५० रिबोअर करायचा, म्हणजे सिलिंडर अर्धा मिलिमीटर मोठे कोरायचे. किंवा स्विफ्ट १.३चं हाफ इंजिन (हेडशिवायचं) मिळतंय ते घ्यायचं, स्टँडर्ड बोअर आहे, म्हणजे सिलिंडर अजून कोरलेले नाहीत, असं विकणारा म्हणतो. किंवा जुन्या सेडान बलेनो १.६चं हाफ इंजिन, पुण्यात जुन्या बाजाराजवळ एकाकडे आहे, पस्तीस हजार मागतोय, "रनिंग गाडीतून काढलंय" म्हणतो. माझं मन बलेनोवर आहे. इथला मेकॅनिक म्हणतो अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक एकदा तापला की मेला, फेकून दे.

कुठला धरू?

पसरणीचा_पाहुणा

बलेनो टाक. विषय संपला.

चाकण_बी_शिफ्ट

विषय संपला नाही. 🙂 थोडं गणित बघू.

जिप्सीचं जी१३बीबी म्हणजे ७४ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५.५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), १२९८ सीसी. बलेनोचं जी१६बी म्हणजे ७५ बोअर, ९० स्ट्रोक, १५९० सीसी. बोअरमध्ये एका मिलिमीटरचा फरक. जे काही वाढलंय ते सगळं स्ट्रोकमध्ये वाढलंय. म्हणून बलेनो खालून ओढते, घाटात गिअर कमी बदलावे लागतात, चिखलात मजा येते. हे सगळं खरं.

पण स्ट्रोक वाढला की पिस्टनला तेवढ्याच वेळात जास्त अंतर पळावं लागतं. ७००० आरपीएमला १.३चा पिस्टन सरासरी १७.६ मीटर प्रति सेकंद पळतो, बलेनोचा २१. जुन्या, ओतीव पिस्टनांच्या, लाखभर किलोमीटर चाललेल्या इंजिनाला २१ म्हणजे रोजचं काम नाही. ऑटोक्रॉसमध्ये तू दुसऱ्या गिअरमध्ये लिमिटरला टेकवून वळणार, कारण सगळेच तसं करतात. १.३ ते सहन करतं, बलेनो ६०००च्या आसपास आवरायची सवय असेल तर चालते. तुझा उजवा पाय कसा आहे ते तूच सांग.

दुसरं, जोर ब्लॉकमधून येत नाही. हेच १.३ सोळा व्हॉल्व्ह इंजिन जिप्सीत ८० हॉर्सपॉवरचं, एस्टीममध्ये ८५चं आणि २००५च्या स्विफ्टमध्ये ८७चं होतं. बोअर-स्ट्रोक सगळीकडे तोच. फरक पडला तो इनटेक, एक्झॉस्ट आणि ईसीएममुळे (इंजिनाचा कंप्युटर). ब्लॉकचं काम एवढंच, की बोअर गोल राहिला पाहिजे, सरळ राहिला पाहिजे आणि थंड राहिला पाहिजे.

आणि बलेनो बसवणारे बरेच आहेत, पण "बसते" आणि "नीट बसते" यात फरक आहे. ब्लॉक उंच आहे. बॉनेट, रेडिएटरचे पाईप, माउंटिंग, आणि खाली पुढच्या अ‍ॅक्सलला संप (इंजिनाखालची तेलाची टाकी) लागतो का, हे सगळं रिकामा ब्लॉक चेसिसमध्ये लटकवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

टाईमकंट्रोल_नाशिक

मी रॅलीतला नॅव्हिगेटर, इंजिनातलं मला फार कळत नाही. पण सीसी मोजायला आम्हाला शिकवलंय.

बलेनो स्टँडर्ड बोअरला १५९० सीसी. त्यात ०.२५चा ओव्हरसाईज पिस्टन टाकला की बोअर ७५.२५, आणि गुणाकार केलास तर उत्तर येतं १६०१. एक सीसी वर! ०.५० टाकलास तर १६११ पार. १६०० सीसीपर्यंतच्या वर्गात उतरायचं मनात असेल तर रिबोअर केलेली बलेनो तुला वरच्या वर्गात, मोठ्या इंजिनांच्या शेजारी नेऊन उभी करेल. तुझा १.३चा ब्लॉक ०.५०ला १३१६ सीसी होतो, तिथे चिंता नाही.

आणि उद्या कोणी टर्बो सुचवला तर लक्षात ठेव, एफआयएच्या (मोटारस्पर्धांची जागतिक संघटना) पद्धतीत पेट्रोल टर्बोचे सीसी १.७ने गुणतात. म्हणजे तुझं १२९८चं इंजिन २२०० सीसीचं धरलं जाईल. एफएमएससीआयची (तीच संघटना, भारतातली) त्या वर्षाची नियमावली आणि त्या स्पर्धेचे पुरवणी नियम आधी वाच. स्विफ्ट, बलेनो हे नंतर.

पसरणीचा_पाहुणा

एक सीसी कोण मोजतंय यार.

टाईमकंट्रोल_नाशिक

तिसरा आलेला माणूस मोजायला लावतो. दरवेळी.

उद्यमनगर_बोअरिंग (कोल्हापूर)

मी सहसा लिहीत नाही, वाचून गप बसतो. पण "अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक तापला की फेकून दे" हे वाचलं आणि हात थांबेना. सव्वीस वर्षं बोअरिंग मशीनवर उभा आहे. वडील ऑईल इंजिनांचे लायनर (सिलिंडरच्या आतली लोखंडी नळी) बसवायचे, मी गाड्यांचे ब्लॉक करतो.

चाळकेवाडी, तुझा प्रश्नच उलटा आहे भावा. तू विचारतोयस कुठल्या गाडीचा ब्लॉक. माझ्याकडे ब्लॉक येतो तेव्हा त्याच्यावर गाडीचं नाव नसतं, आकडे असतात. तू तीन ब्लॉकची नावं लिहिलीस, आकडा एकाचाही लिहिला नाहीस. "स्टँडर्ड आहे म्हणतो", "रनिंगमधून काढलंय म्हणतो". म्हणणाऱ्याचं काय जातंय?

आता मी काय बघतो ते सांगतो.

पहिलं म्हणजे धुणं. तेल, गंज, जुनं गॅस्केट सगळं काढून. मग तडा. लोखंडी ब्लॉक असता तर चुंबकावर तपासला असता, अ‍ॅल्युमिनियमला चुंबक लागत नाही, म्हणून लाल डाय मारायची, पुसायची आणि पांढरा डेव्हलपर फवारायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल केस उमटतो. हेड बोल्टच्या भोकांभोवती आणि दोन सिलिंडरच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर जास्त बघायचं. तुझं गॅस्केट तिथंच जळलंय. त्यानंतर पाण्याच्या वाटा रबर आणि प्लेटनं बंद करून आत हवा भरायची आणि ब्लॉक गरम पाण्याच्या टाकीत बुडवायचा. बुडबुडा आला तर कुठून आला ते बघायचं. वेल्श प्लगच्या घरातून आला तर हरकत नाही, प्लग नवा बसतो. लायनरच्या काठावरनं आला तर मात्र मी ब्लॉक परत देतो आणि चहा पाजतो.

मग क्रँकची लाईन. पाच मेन बेअरिंगच्या कॅप आपापल्या जागी, बाणाप्रमाणे, टॉर्कला कसून. तापलेल्या ब्लॉकची लाईन मधे उचललेली किंवा बसलेली असू शकते. सरळ पट्टी टाकून फीलर (फट मोजायचं पातळ पातं) घालायचा. हे कोणी करत नाही. सगळे बोअरला बघतात, कारण बोअर चमकतो.

मग वरचा फेस, हेड बसतं तो. पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही तिरप्या. पन्नास-साठ मायक्रॉनच्या (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिमी) पुढं वाकला असेल तर फेसिंग, म्हणजे तासून सपाट करणं, लागतं, आणि ते क्रँकच्या लाईनला समांतर. नुसतं वरनं तासून काय उपयोग नाही.

आणि सगळ्यात शेवटी बोअर. डायल गेज तीन उंचीवर, प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी. सिलिंडरला सहा आकडे, ब्लॉकला चोवीस. झीज सगळ्यात जास्त वर असते, जिथं वरची रिंग थांबून परत फिरते, आणि क्रँकला आडवी. शंभर मायक्रॉनच्या वर टेपर (वर-खाली व्यास वेगळा) किंवा लंबगोल झाला की नुसत्या होनिंगनं (दगडानं घासून) भागत नाही, पुढचा साईज. या इंजिनाला कंपनीचे ओव्हरसाईज दोनच, ०.२५ आणि ०.५०. त्यापुढं लायनर. अ‍ॅल्युमिनियममध्ये लायनर बसवणं म्हणजे ब्लॉक भट्टीत तापवायचा, लायनर गार ठेवायचा आणि एका दमात खाली उतरवायचा. हातोडीनं ठोकून बसवणारे पण हायत. त्यांच्याकडचा लायनर चार महिन्यांत केसभर खाली बसतो आणि गॅस्केट परत जातं.

फेसचं एवढं का सांगतोय, त्याला कारण आहे. २००९ साली माझ्याकडं एस्टीमचा ब्लॉक आला, इचलकरंजीच्या पोराचा. घाई होती, त्याला पण आणि मला पण. चौघांत एक बोअर खराब म्हणून चारही ०.५०ला केले. होनिंग असं झालं की मीच दोनदा बघितलं. अकराशे किलोमीटरवर गाडी परत. निळा धूर, तेल पिते. उघडलं तर तीन पिस्टन नव्यासारखे आणि चौथा तिरका घासलेला, एका बाजूला वर चकाकी आणि समोरच्या बाजूला खाली. मी म्हटलं रॉड वाकलाय. रॉड तपासला, सरळ. आणखी एक रॉड आणून बघितला, तेच. मग बोअरमध्ये गुण्या लावला. बोअर खालपर्यंत जाईस्तोवर ऐंशी मायक्रॉन कलला होता.

का? त्या चार नंबरजवळच्या हेड बोल्टचे आटे कोणीतरी आधी ओढले होते. अ‍ॅल्युमिनियममधले आटे ओढले की भोकाचा काठ फुलतो, फेसवर बारीक ओठ येतो. नखाला लागतो, डोळ्याला दिसत नाही. माझा बोअरिंग बार तेव्हा ब्लॉकच्या फेसवरच बसायचा. तो त्या ओठावर बसला आणि कलला, आणि मी कललेला बोअर आरशासारखा करून दिला. चूक माझी. चौथ्याला लायनर, पिस्टन, रिंगा सगळं माझ्या खिशातनं. तेव्हापासून बोटाचं नख प्रत्येक भोकाभोवती फिरवल्याशिवाय मशीन चालू करत नाही. बायको म्हणते नखं का काळी. म्हणून काळी.

तर तुझ्या तीन ब्लॉकबद्दल. बलेनोच्या पिस्टनवर कार्बन खरवडून बघ. डोक्यावर ०.५० किंवा ०.२५ असा आकडा कोरलेला निघाला तर तो ब्लॉक एकदा उघडून झालेला आहे, आणि "रनिंग"वाल्याला रामराम कर. ०.५० असेल तर पुढं जागाच नाही. स्विफ्टचा खरंच स्टँडर्ड असेल तर वाईट नाही, पण तो आडव्या इंजिनाचा. माउंटिंगचे उंचवटे, ऑईल डिपस्टिक, पाण्याचा पाईप हे तुझ्या ब्लॉकशी शेजारी ठेवून जुळव. आणि तुझा स्वतःचा ब्लॉक. त्याचं चांगलं काय, तर त्याचा इतिहास तुला पाठ आहे. कधी तापला, किती तापला, कोणी उघडला. दुसऱ्याच्या ब्लॉकमध्ये हे कोणी सांगणार नाही. तुझा वाकला असेल पण मेला नसेल. आधी मोज. डायल गेज नसेल तर साताऱ्याच्या एमआयडीसीत कुणाकडं पण असेल, चहा-वडापाववर काम होईल.

आरसी_बुक (पुणे)

बोअरिंगवाल्यांना सलाम. एक कोरडी गोष्ट सांगतो, कारण ती सगळे विसरतात.

इंजिन नंबर हेडवर नसतो, ब्लॉकवर ठोकलेला असतो. म्हणजे ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलला, आणि आरसीवर जुनाच राहिला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परस्पर बदल करू देत नाही. १.३ काढून १.६ बसवलं तर सीसीही जुळत नाही. तुझी गाडी २००३ची, म्हणजे पंधरा वर्षं होऊन गेली आणि नूतनीकरणाला आरटीओत उभी राहतेच. इन्स्पेक्टरने वाकून नंबर बघितला की पुढची सकाळ तिथेच. अपघात झाला तर विमावाले तेच बघणार.

ब्लॉक बदलायचाच असेल तर आधी आरटीओत जाऊन रीतसर परवानगी, मग काम. आणि भंगारातून घेताना पक्कं बिल, मूळ गाडीच्या आरसीची प्रत, आणि नंबरचा फोटो. नंबर घासलेला असेल तर फुकट दिला तरी उचलू नकोस, ती चोरीची गाडी असू शकते.

सांगलीकर_मिशिगन

मूळ सांगली, आता डेट्रॉईटच्या उत्तरेला. इथे हौशी लोकांचा हाच वाद वेगळ्या आकारात चालतो. शेवरोलेचं एलएस१ अ‍ॅल्युमिनियमचं, हलकं, सगळ्यांना हवं असतं. पण लायनर इतके पातळ की होनिंगपुरतीच जागा. मी सिल्व्हराडो ट्रकचं ५.३ लिटरचं लोखंडी हाफ इंजिन भंगारातून उचललं. वजन अ‍ॅल्युमिनियमवाल्याच्या जवळपास दुप्पट, पण बोअर ९६ मिमी आणि भिंती जाड. अल्ट्रासोनिक गेजने जाडी मोजून लोक तो ९९पर्यंत नेतात. याउलट फोर्डचा जुना ३०२. पाचशे हॉर्सपॉवरच्या आसपास ढकलला की ब्लॉक मधोमध उभा चिरतो. लायक ब्लॉक म्हणजे काय हे इथे अशा फुटण्यावरून ठरतं.

तुझ्या गाडीला यातलं काहीच लागू नाही, आणि तेच सांगायचंय. नव्वद-शंभर हॉर्सपॉवरला जिप्सीचा ब्लॉक फुटणार नाही. तो उष्णतेनं वाकतो. त्यामुळे इंटरनेटवर वाचून जाड भिंती आणि स्टडच्या मागे पैसा घालवू नकोस, नवीन रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि कूलंटमध्ये घाल.

उद्यमनगर_बोअरिंग

मिशिगनकर, बरोबर. लोखंड तापलं तर सोसतं, अ‍ॅल्युमिनियम त्याच्या दुप्पट फुगतं. लायनर लोखंडाचा, भोवती अ‍ॅल्युमिनियम, दोघांचा संसार थर्मोस्टॅटवर चालतो.

चाळकेवाडी_फोरबायफोर

मंडळी, मोजलं. मित्राच्या मामांचं एमआयडीसीत टूलरूम आहे, शनिवारी दुपारी त्यांनी वेळ दिला.

आधी बलेनो. रविवारी पुण्याला जाऊन आलो. बोअरिंगवाल्या काकांनी सांगितल्याप्रमाणे पिस्टनचं डोकं खरवडलं. पहिल्यावर काही नाही, दुसऱ्यावर काही नाही. तिसऱ्यावर ०.५०. विकणारा म्हणाला, "एकच बदललाय ना साहेब." मी नमस्कार करून निघालो. चार सिलिंडर, दोन मापं!

स्विफ्टचा ब्लॉक बोअरला खरंच स्टँडर्ड होता, सगळे आकडे ४० मायक्रॉनच्या आत. पण बिलाचं विचारलं तर "बिल कशाला लागतंय", आणि नंबरच्या जागी ग्राइंडर फिरवल्यासारखं वाटलं. सोडला.

आता माझा. बोअरची झीज सगळ्यात जास्त तीन नंबरला, वर, ११० मायक्रॉन. एक नंबरला ६०. वरचा फेस दोन आणि तीनच्या मधे ७० मायक्रॉन खोल. क्रँकच्या लाईनमध्ये ३०चा फीलर कुठेच गेला नाही. हेड बोल्टच्या भोकांभोवती नख फिरवलं. एका ठिकाणी, मागच्या कोपऱ्यात, लागलं. त्या भोकाचे वरचे दोन आटे गोल झालेत. तडा बघायचा राहिलाय, डाय नव्हती.

एवढ्यावर काय म्हणता काका? लायनर लागेल?

उद्यमनगर_बोअरिंग

लायनर कशाला. लाईन शाबूत आहे म्हटल्यावर निम्मं काम झालं. ०.५०ला चारही निघतील. ०.२५ला पण निघाले असते, पण तीन नंबर काठावर येतो, आणि मला काठावरचं काम आवडत नाही. त्या कोपऱ्यातल्या भोकाला हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी), ते आधी. मग फेसिंग, ७० मायक्रॉन उतरायला सव्वाशेच्या आसपास काढावं लागेल. कॉम्प्रेशन किंचित वाढेल, तुझ्या कामाला बरंच आहे. पण हेडसुद्धा आण, ते वाकलेलं असणारच. दोन्हीकडनं किती निघालं याची बेरीज कागदावर लिहून देतो, गॅस्केट त्या हिशोबानं घे.

आणि पिस्टन आधी आण. रिकामा ब्लॉक आणि "०.५०ला कर" असं चालत नाही. प्रत्येक पिस्टन मी मायक्रोमीटरवर मोजतो, स्कर्टवर, पिनला आडवा, आणि त्याचा बोअर त्याच्यापुरता करतो. पिस्टनवर पेननं नंबर घालतो, तो पुसायचा नाही. गॅप तीस मायक्रॉनच्या आसपास. ऑटोक्रॉसला पळवणार म्हणून थोडा सैल दे असं मेकॅनिक सांगेल, ऐकू नकोस. तो सल्ला फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) पिस्टनचा, तुझे ओतीव आहेत.

होनिंग प्लेट लावून करतो. पन्नास मिमी जाड लोखंडी प्लेट आहे माझ्याकडं, या इंजिनाच्या मापाची. मधे जुनं गॅस्केट घालून हेडसारखी टॉर्कला कसतो आणि मग दगड फिरवतो. बोल्ट कसले की बोअर आकसतो, मोकळ्या ब्लॉकवर गोल केलेला बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही. प्लेटचे पैसे वेगळे घेतो, आधीच सांगतो.

नेल्यावर परत धू. रॉकेलनं नाही, साबण आणि कढत पाण्यानं, ब्रशनं. होनिंगची पूड रॉकेलनं निघत नाही, तिथंच फिरते. पांढऱ्या बनियनची चिंधी बोअरमध्ये फिरवायची, चिंधी पांढरीच निघेपर्यंत. मग लगेच तेलाचा हात, नाहीतर अर्ध्या तासात तांबेरा.

पसरणीचा_पाहुणा

म्हणजे बलेनो नाही?

चाळकेवाडी_फोरबायफोर

बलेनो नाही. 🙂 आरसी शाबूत, १३१६ सीसी, आणि आईला सांगायला बरं की बाबांचंच इंजिन आहे.

काका, पिस्टन आणि रिंगांचा सेट सांगितलाय, बुधवारी येतोय. वेल्श प्लग सगळेच नवीन घेतले. गुरुवारी मित्राच्या पिकअपमध्ये ब्लॉक, हेड आणि पिस्टन घेऊन निघतो, अकरापर्यंत कोल्हापुरात. अजून काय आणू?

उद्यमनगर_बोअरिंग

मेन बेअरिंगच्या कॅप. पाचही, त्यांच्याच बोल्टसकट, क्रमानं तारेत ओवून. आणि हेडचे बोल्ट, प्लेटला तेच लागतात. मागच्या आठवड्यात एकजण बेळगावहून ब्लॉक घेऊन आला, कॅप घरी बादलीत. परत पाठवला.

गुरुवारी लाईट जाते दुपारी दोनला. अकरा म्हणजे अकरा.